माझा दमा आणि चाचांची खिडकी

माझ्या दम्याला जबाबदार कोण, हे मी डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. मागचे चाचा.

आमचं घर भिवंडीत, जुन्या वस्तीच्या कडेला. घरामागे दोन माणसं खेटून जातील एवढा बोळ, आणि बोळापलीकडे चाचांचा कारखाना. कारखाना म्हणजे कापड विणणारे आठ लूम, पत्र्याचं छप्पर आणि एक मोठी खिडकी. ती खिडकी नेमकी माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर. लूम चालू असले की तिथून रुईचे बारीक तंतू तरंगत यायचे आणि आमच्या जाळीवर बसायचे. आठवड्याभरात जाळीला दाढी फुटायची. मी ती ब्रशनं काढायचे आणि काढताना मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, म्हणजे चाचांना ऐकू जावं. आठ लूमच्या खडखडाटात त्यांना काहीही ऐकू जात नसे. त्यामुळे आमचे संबंध बारा वर्षं उत्तम राहिले.

चाचा सत्तरीचे, सडपातळ, भुवयांवर कायम रुई. मी हायस्कुलात मराठी शिकवते म्हणून मला ‘टीचर’ म्हणायचे. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा स्वतः घेऊन यायचे, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि निघताना मला न चुकता विचारायचे, “टीचर, तो ताका वापरला का? चादरी चांगल्या होतात त्याच्या.” आमच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या लूमवर विणलेल्या कापडाचा अख्खा ताका आहेर दिला होता. तो कुठे आहे याचा मला पत्ता नव्हता. मी हसून म्हणायचे, “शिवायच्यात, चाचा.”

दमा सुरू झाला लग्नाच्या तेराव्या वर्षी. आधी शिंका, मग खोकला, मग छातीतून पिपाणी वाजायला लागली. वर्गात मी आत शिरायच्या आधी माझा श्वास शिरायचा, आणि पोरं चिडीचूप व्हायची. शिस्तीच्या दृष्टीनं तो काळ माझ्या नोकरीतला सुवर्णकाळ होता. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं, निळा पंप दिला आणि धुळीपासून लांब राहा म्हणाले. धूळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच खिडकी आली.

बारा वर्षं मी तीच रुई श्वासात घेऊन ठणठणीत होते, हा मुद्दा घरात कुणी काढला नाही. मी काढूही दिला नसता. त्याच वर्षी आमच्याकडे नवा पलंग आला होता, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. पलंग बॉक्सचा होता. गादी वर उचलली की खाली एवढी मोठी पेटी की त्यात एक बिऱ्हाड मावलं असतं. नवऱ्यानं तो माझ्या पुस्तकांसाठी म्हणून आणला. पण तो खोलीत लागल्या लागल्या सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की माझी पुस्तकं तिथे जाणार नाहीत हे मला कळलं.

इथे मानपानाबद्दल सांगायला हवं. आम्ही आगरी. आमच्यात हळद असो, साखरपुडा असो, वास्तुशांत असो, आलेल्या माणसाचा मान करायचा म्हणजे पुरुषाला टॉवेल-टोपी आणि बाईला साडी नाहीतर ब्लाउजपीस. हा टॉवेल अंग पुसायचा नसतो आणि ही टोपी घालायची नसते. ती घरी आणून जपून ठेवायची आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. एक निळ्या काठाचा टॉवेल आमच्या घरून नणंदेकडे गेला, तिथून कुठे कुठे फिरला आणि सहा वर्षांनी एका हळदीत माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर परत आला. सासूबाईंनी तो कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावरून ओळखला. त्यांना इतका आनंद झाला की जशी काही लेक सासरहून माहेरी आली. अशा ठेवणीतल्या सगळ्या मानाला एकत्र राहायला त्यांनी माझा पलंग दिला. त्या कपड्यांवर गादी, गादीवर मी.

पलंग ज्या भिंतीला टेकला होता त्या भिंतीमागे न्हाणीघर. पावसाळ्यात त्या भिंतीला खालून ओल यायची. पलंग मोठा असल्यामुळे ती ओल दिसेनाशी झाली, म्हणून आम्ही ती गेली असं धरलं.

गणपती नुकतेच गेले होते. एका रविवारी मला सकाळपासून धाप लागली होती आणि मी जाळी साफ करत होते. ब्रशला रुईचा हा एवढा गोळा आला. माझं डोकं फिरलं. मी तो गोळा मुठीत धरला, तशीच बोळातून गेले आणि चाचांच्या दारात उभी राहिले. शुक्रवार सोडून तो कारखाना कधी बंद नसे. मी हातानंच लूम बंद करायची खूण केली. एकेक लूम थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चाचांना माझं बोलणं ऐकू आलं.

काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. माझ्या फुप्फुसांवर तुमचे लूम चालतात, असं एक वाक्य होतं. ते मला तेव्हा फार आवडलं होतं. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी, कुणी फक्त मत. माझी धाप बघून सगळे माझ्या बाजूचे झाले. संध्याकाळी दापोड्याहून आणि मानकोलीहून माझ्या दोन्ही नणंदा आल्या. त्यांना कुणी बोलावलं होतं कळलं नाही. त्या आल्या, मागच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं पहिल्यापासून परत सुरू केलं आणि दोन दिवस राहिल्या. माझ्या आजारपणात त्यांना रोज मटण लागलं.

चाचा एवढंच म्हणाले, “टीचर, तुमच्या सासेपुढे माझी खिडकी काय? बंद करतो.” सासेपुढे म्हणजे श्वासापुढे. त्या आठवड्यातच गवंडी आला आणि खिडकीच्या जागी विटा लागल्या.

मी जिंकले. खबरदारी म्हणून मी माझीही खिडकी कायमची लावून टाकली, फटींना चिकटपट्टी लावली आणि त्या बंद खोलीत, त्या पलंगावर, विजयी मुद्रेनं झोपायला लागले.

आता गंमत अशी की दमा वाढला. पण हे सांगणार कुणाला? गल्लीत कुणी विचारलं, “टीचर, आता बरं ना?” की मी म्हणायचे, “खूप,” आणि त्या ‘खूप’मध्येच दोनदा शिट्टी वाजायची. नवरा पंप माझ्या हाताशी ठेवायचा. दिवाळीला चार दिवस खारबावला माहेरी गेले. तिथे पंप पिशवीतून बाहेर काढावा लागला नाही. चौथ्या दिवशी मी आईबरोबर स्टेशनपर्यंत गप्पा मारत चालत गेले. घरी परतले त्या संध्याकाळी पुन्हा पिपाणी. मी त्याचा अर्थ लावला की माहेरची हवाच वेगळी. सासूबाईंना तो अर्थ मुळीच आवडला नाही.

त्या ईदला शीरखुर्म्याचा डबा आला, पण तो चाचांची सून घेऊन आली. ताक्याबद्दल कुणी विचारलं नाही. मी डबा रिकामा करताना मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा मला राग आला. माझा स्वभाव असाच आहे.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी जेवून पलंगावर आडवी झाले आणि तासाभरात उठून बसले ते श्वास आत जाईना म्हणून. ओठ निळे पडले होते असं नवरा सांगतो. एरवी त्याला माझी नवी साडीही दिसत नाही, त्याअर्थी बरेच निळे असणार. त्यानं मला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात नेब्युलायझर लावला, सुई टोचली, दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडताना ठाण्याच्या एका ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली.

त्या वयानं माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनीएवढ्या होत्या. मी त्यांना खिडकीची सगळी कथा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि मला पुन्हा बोलावून माझ्या हातावर पेनानं खुणा केल्या. प्रत्येक खुणेजवळ एक थेंब, प्रत्येक थेंबातून एक बारीक टोचणी. कापसाची धूळ कुठली ते मी विचारून घेतलं आणि वीस मिनिटं त्या जागेकडे टक लावून बसले. उठ, उठ, असं मनात म्हणत होते. तिथे काही उठलं नाही. त्याच्या खाली मात्र डास चावल्यासारखी एक गांधी आली, मग मोठी झाली, मग खाजायला लागली.

“ही कशाची?”

“बुरशीची,” त्या म्हणाल्या.

“अहो, माझ्या घरात बुरशी? माझ्या लोणच्याला कधी येत नाही!”

त्यांनी कागदावर श्वासनलिकेचं चित्र काढलं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्या सांगू लागल्या, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि आपण सगळेच ते श्वासातून घेतो. बहुतेकांचं शरीर ते गुपचूप झाडून टाकतं. “तुमच्या शरीरानं मात्र त्यांना कधीतरी शत्रू ठरवलं. आणि एकदा ठरवलं की ते विसरत नाही. मग त्यांच्यासाठी खास प्रतिपिंडं तयार होतात, आयजीई म्हणतात त्यांना. रक्तात तुमचं ते बरंच वाढलंय. ही प्रतिपिंडं नळीच्या अस्तरातल्या काही पेशींवर जाऊन बसतात. बीजाणू परत आला आणि त्यांना भिडला, की ती पेशी आपल्याजवळचं सगळं एकदम बाहेर ओतते. हिस्टामिन वगैरे. नळी आवळते, सुजते, चिकट कफ सुटतो. हे पाच-दहा मिनिटांत होतं.”

“आणि मग थांबतं?”

“नाही ना. काही तासांनी दुसऱ्या पेशी येतात, इओसिनोफिल. त्यांना पहिल्यांनी निरोप धाडलेला असतो. त्या आल्या की लवकर हलत नाहीत. सूज मुक्काम करते ती त्यांच्यामुळे.”

मला माझ्या नणंदा आठवल्या.

“पण त्या बुरशीनं माझं बिघडवलं काय?” मी विचारलं.

“अगदीच गरीब नसते ती, अस्तराला थोडं ओरबाडते. पण एवढा गोंधळ घालण्यासारखं काही नाही. त्रास होतो तो तुमच्याच फौजेचा.”

समोरच्या चित्रातलं एकूण एक पात्र मला ओळखीचं होतं. कुणाला तरी शत्रू ठरवायचं, आरडाओरडा करून गल्ली गोळा करायची, घराला सूज आणायची. ह्या बाई माझं शरीर समजावून सांगत होत्या की माझा रविवार, तेच कळेना.

रुईची धूळ कुणाच्याच फुप्फुसाला चांगली नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण माझा दमा तिच्यावर पेटत नव्हता. सूज उतरवणारा दुसरा एक पंप दिला, तो रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही म्हणाल्या. आणि शेवटी विचारलं, “तुम्ही झोपता त्याखाली काय आहे?”

घरी पलंग उघडायचा विषय निघाला तशा सासूबाई दोन्ही हात पसरून पलंगापुढे उभ्या राहिल्या. “न्हाय! मानाचा सामान हाय यो. कुनाचा काय ते मनाच म्हायती हाय.”

“आई, डॉक्टरांनी सांगितलंय,” मी म्हटलं.

“डाक्टरनीला सांग, तिचे लग्नान टॉवेल-टोपी कुठून देशील?”

डॉक्टरीणबाईंनी मला त्या वेळी खोलीत थांबू नका म्हणून बजावलं होतं. मी मास्क लावून ओटीवर, नवरा मास्क लावून आत. त्यानं गादी उचलली. आधी मला दिसलं काहीच नाही, पण वास आला. बंद पडलेल्या विहिरीचा असतो तसा. आणि त्या पाठोपाठ सासूबाईंचा आवाज, “अगो बाय माजे!”

नवरा एकेक वस्तू दाराशी आणून ठेवायला लागला, तसं मला लांबूनच दिसलं. टोप्यांवर पांढरी लव उगवली होती. टॉवेलांवर हिरवे-काळे ठिपके, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या आतसुद्धा. ब्लाउजपीस एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. जो निळ्या काठाचा टॉवेल सगळा तालुका फिरून सुखरूप परत आला होता, तो माझ्या कमरेखाली काळा पडला होता. सासूबाई एकेक वस्तू बघत होत्या आणि कुणाच्या हळदीतली ते सांगत होत्या. बिचाऱ्यांचा आवाज रडवेला झाला होता. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

अगदी तळाशी, भिंतीच्या बाजूला, कागदात गुंडाळलेलं एक लांबलचक गाठोडं निघालं. कागद ओला होऊन फाटला होता. आतलं कापड भिंतीच्या बाजूनं पूर्ण काळं झालं होतं, थराथरानं. सगळ्या पेटीत एवढी बुरशी दुसऱ्या कशावर नव्हती.

“यो कुनाचा?” नवऱ्यानं विचारलं. आईशी बोलताना त्याची भाषा लगेच बदलते.

सासूबाईंनी फाटलेला कागद बाजूला सारून पाहिला. मग म्हणाल्या, “चाचांचा ताका. तुजेच लग्नान दिलेला.”

लूमवरचं कोरं कापड, सुताला कांजी चढवलेली. कांजी म्हणजे पिठाचंच खळ. बुरशीला असं जेवण वाढलेलं, वरून न्हाणीघराचं पाणी, आणि पांघरायला माझी गादी. म्हणजे दम्याचा उगम चाचांच्या लूमवरच निघाला, माझंच खरं झालं, असं म्हणायची सोय होती. एक क्षणभर मी ते म्हणूनही बघितलं. पण ताका चाचांनी चादरी शिवायला दिला होता. त्याला न धुता, न उघडता, पंधरा वर्षं अंधारात कोंडलं आम्ही.

सगळं बाहेर गेलं, न्हाणीघराची गळती निघाली, भिंत खरवडून सुकवली, पलंगाच्या जागी साधी लोखंडी खाट आली. महिन्याभरात निळा पंप लागेनासा झाला. श्वास सुरळीत आला तशी लाजही आली. आधी धापेत तिला जागाच नव्हती.

चाचांकडे जाताना सासूबाईंनी विचारलं, “मानाला काय नेशील? टॉवेल-टोपी तं रायली न्हाय.” मी रिकाम्या हातानं गेले. वर्षभरानं त्या दारात उभी राहत होते. आतमध्ये भरदुपारी ट्यूबलाइट लागलेल्या. आत शिरले आणि तोच वास आला. मी विटा लावायला लावलेल्या जागी, प्लास्टरवर, ओल उतरली होती आणि काळे ठिपके धरले होते. कांजीचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ, म्हणजे बीम, त्याच भिंतीला लावून ठेवलेले. चाचा स्टुलावर बसले होते. मला बघून उठले आणि बोलायच्या आधी खोकले. तो खोकला मला पाठ होता, शेवटी शिट्टी वाजते तो.

“कधीपासून, चाचा?”

“अरे कुछ नहीं. बारिशपासून जरा. हवा कमी पडते ना इथे. तुम्ही बसा. आता तब्येत कशी, टीचर? बरं वाटतं ना खिडकी बंद केल्यावर?”

मग मी सगळं सांगितलं. हातावरची गांधी, पलंग, टोप्या, आणि ताका. ताक्याचं सांगताना त्यांच्याकडे बघवेना. ते ऐकत होते, आणि शेवटी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. “पंधरा साल,” ते म्हणाले, “पंधरा साल मी विचारतो, आणि टीचर बोलते शिवायच्यात!” हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, आणि मी माझा पंप त्यांना द्यावा की पाणी द्यावं अशी उभी राहिले. दुसऱ्याचा पंप घेऊ नये म्हणून पाणी दिलं.

“चाचा, माफ करा,” मी म्हटलं. “खिडकी उघडू.”

“रुई येईल, टीचर.”

“येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तोच. त्यानं माझ्याकडे आणि विटांकडे बघितलं आणि छिन्नी काढली. त्याच आठवड्यात मी चाचांना घेऊन ठाण्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, “चाचा, वर्षभरात कामाच्या जागेत काही बदल झाला का?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “नाही, मॅडम,” ते म्हणाले. “काहीच नाही. या साली पाऊस जरा जास्त झाला, बस.”

डॉक्टरीणबाई तसंच लिहून घ्यायला लागल्या. मी मागच्या खुर्चीवर होते. छाती मोकळी होती, आवाज स्वच्छ निघाला.

“तिथे एक खिडकी होती,” मी म्हटलं. “ती मी बंद करायला लावली.”